मेंढरांनी आखलेले मैदान

"यंदा दिवाळी अंकासाठी गोल्फवर लिहीन म्हणतो," असे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितले, तेव्हा आमचे गणिताचे सहकारी चष्मा पुसायचे थांबले. "अहो सर," ते म्हणाले, "ऐन दिवाळीत हे कुठले विलायती पक्वान्न काढता? चकलीवर लिहा. निदान घरोघरी कळेल तरी!"

त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिंदी चित्रपटातला नायिकेचा बाप उभा राहतो. पांढरी विजार, डोक्यावर टोपी, मागे काठ्यांची पिशवी वाहणारा गडी आणि नजर पोचेल तिथपर्यंत हिरवीगार हिरवळ! हा बाप एक चेंडू टोलवतो, दुरून आलेल्या नायकाकडे बघतो आणि खिशातून कोरा चेक काढतो. चेंडू पुढे कुठे गेला हे दिग्दर्शकाने आजवर एकदाही दाखवलेले नाही.

मला मात्र तो चेंडू कुठे जातो याचेच फार दिवसांपासून कुतूहल आहे. मी स्वतः हा खेळ कधी खेळलो नाही. पण गोष्टी लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या कुंपणातून डोकावण्याची खोड असतेच, आणि आमच्या शाळेमागच्या रस्त्याला लागून असेच एक कुंपण आहे. त्या मैदानाचे नाव मी सांगत नाही. त्याच्याविषयी जे सांगायचे आहे, ते त्याच्या अनेक भावंडांनाही तितकेच लागू आहे. त्या कुंपणाशी उभा राहून मी या खेळाची कुळकथा शोधू लागलो आणि थक्क झालो. हा साहेबी वाटणारा खेळ जन्माने अगदी गावरान निघाला!

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्र आणि शेते यांच्यामध्ये, वाळूच्या उंचवट्यांची एक पट्टी असते. आपल्या कोकणात जिला वरकस म्हणतात, त्याच जातीची ती जमीन. नांगर घालून उपयोग नाही, धान्य पिकायचे नाही. वर आखूड, चिवट गवत. ते सशांनी आणि मेंढरांनी कुरतडून कुरतडून गालिच्यासारखे केलेले. जोराचा वारा सुटला की मेंढरे उंचवट्याच्या आडोशाला अंग चोरून बसत, तिथले गवत झिजे आणि खाली वाळूचा खड्डा पडे. आज ज्यांना बंकर म्हणतात आणि जे बांधायला कंत्राटदार लागतो, ते खड्डे मुळात असे मेंढरांनी आखले, असे सांगतात. माळी नव्हता, नळ नव्हता; पाणी घालायचे काम आकाशाकडे होते. त्या पडीक जमिनीवर गावची माणसे काठीने चेंडू टोलवत आणि आपण गोट्या खेळताना जिला गल म्हणतो तशा एका गलीत तो घालत. खेळ म्हणजे एवढाच.

१४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्ही खेळांवर बंदी घातली. कारण काय, तर लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडूच्या मागे लागले! आता सैन्यात धनुष्य घेऊन उभा राहणारा माणूस काही सरदार-जहागीरदार नसे. तेव्हा बंदी घालावी लागली ती कोणासाठी, हे उघड आहे.

सेंट अँड्र्यूज या गावची कथा तर मला एखाद्या कादंबरीसारखी वाटते. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांना तिथल्या गायरानात ससे पाळायचे होते. तशी सनद झाली. पण गावकऱ्यांचा त्या जमिनीवर गोल्फ खेळण्याचा हक्क तीतच नमूद झाला. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथली नगरपालिका कर्जात बुडाली (नगरपालिका सगळीकडच्या सारख्याच!) आणि ती जमीन सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी मैदान पोखरून काढले, गावकरी ससे मारू लागले, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर १८२१ साली जेम्स चीप नावाच्या एका गोल्फवेड्या जमीनदाराने ती जमीनच विकत घेतली आणि हे युद्ध मिटले. १८९४ साली पार्लमेंटाने कायदा करून ती पुन्हा गावाच्या हाती दिली. आज परगावच्या पाहुण्याला तिथल्या जुन्या मैदानावर एका फेरीसाठी डोळे पांढरे व्हावेत इतके पैसे पडतात. गावचा रहिवासी थोडक्याच फेऱ्यांच्या पैशांत वर्षभर खेळतो. आणि रविवारी, काही मोठ्या स्पर्धांचे दिवस सोडले तर, खेळ बंद! त्या दिवशी जगातल्या सर्वांत प्रसिद्ध मैदानावर आजोबा कुत्र्याला फिरवतात आणि आया बाबागाड्या ढकलतात. आमच्या शाळेमागच्या कुंपणावर ‘आत येण्यास सक्त मनाई’ अशी पाटी आहे. ती वाचताना मला दर वेळी या बाबागाड्या आठवतात.

मग हा खेळ महाग झाला कसा? आधी चेंडूने केला. जुना चेंडू पिसांचा असे. टोपीभर पिसे उकडायची आणि ओल्या चामड्याच्या इवल्याशा पिशवीत ठासून भरायची. वाळताना चामडे आवळते, पिसे फुगतात आणि चेंडू दगडासारखा टणक होतो. चांगला कारागीरही दिवसाला तीन-चार चेंडूंच्या पुढे जात नसे. ते पावसात भिजले की बिघडत, चुकीचा टोला बसला की फाटत. गरिबाने दिवसाची मजुरी टोलवायची तरी किती? १८४८ च्या सुमारास गटापर्चा आला. मलायातल्या एका झाडाचा हा चीक गरम पाण्यात मऊ होतो आणि थंड झाला की घट्ट बसतो. त्याचा चेंडू पुष्कळच स्वस्त पडे आणि फुटला तर पुन्हा वितळवून वळता येई. पिसांचे चेंडू करणारा नामांकित कारागीर अ‍ॅलन रॉबर्टसन इतका चिडला, की या नव्या चेंडूपायी त्याचे आणि त्याच्या हाताखालच्या टॉम मॉरिसचे बिनसले आणि मॉरिस त्याला सोडून गेला. चेंडू मात्र राहिला. बघता बघता सामान्य माणसे पुन्हा मैदानावर दिसू लागली.

इथवर आलो की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात; पण त्या चिकासाठी ती झाडे मुळापासून तोडत. समुद्राखालून तारायंत्राच्या तारा न्यायच्या, तर त्यांवर याच चिकाचे वेष्टन लागे. खरा फडशा त्या तारांनी पाडला. चेंडूचा वाटा त्यात चिमूटभरच. तरी वाटा तो वाटाच. स्कॉटलंडातल्या एका न्हाव्याला किंवा सुताराला चेंडू परवडला, त्याच्या हिशेबात मलायातले झाड कुणी धरले नव्हते. स्वस्त ते सोसवणारेच असते असे नाही. आमच्या मंडईतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या हेच सांगतात.

यानंतरची महागाई गवताची. अमेरिकेतल्या ऑगस्टाच्या मैदानाची रंगीत चित्रे दूरचित्रवाणीवर घरोघर पोचली आणि गोल्फ म्हणजे पाचूसारखी हिरवळ, असे जगभरच्या खेळाडूंच्या डोक्यात बसले. स्कॉटलंडात गवताला आकाश पाणी देते. आपल्याकडे आकाश चार महिने देते आणि आठ महिने हात आखडते. त्या आठ महिन्यांत शंभर-सव्वाशे एकरांचे मैदान हिरवे ठेवायचे म्हणजे रोज लाखो लिटर पाणी, खते, कीटकनाशके आणि यंत्रे. तो सारा खर्च सभासदाच्या वर्गणीत जातो. वर्गणी वाढली की कुंपण उंच होते. म्हणजे पाणी वाचवणे आणि खेळ स्वस्त करणे या दोन चळवळी नव्हेतच. नळ एकच आहे.

२०१६ चा उन्हाळा आपण विसरलेलो नाही. मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले आणि खेळपट्ट्यांवर पाणी घालावे लागते म्हणून उच्च न्यायालयाच्या आदेशाने क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले. त्या वेळी मीही तावातावाने म्हणत होतो, की ही असली मैदाने बंदच करावीत.

त्या काळी आमच्या शाळेतून दहावी झालेला एक मुलगा कुंपणापलीकडे कॅडीचे काम करी. त्याचे वडीलही तेच काम करीत आलेले. वस्तीत टँकर दिवसाआड येई आणि कुंपणाच्या आत पहाटे फवारे चालत. मी त्याला म्हणालो, "तुला राग येत नाही का रे?"

"येतो ना सर," तो म्हणाला. "पण फवारे बंद झाले तर हिरवळ जाणार. हिरवळ गेली तर साहेब लोक येणार नाहीत. ते नाही आले तर आमच्या घरात चूल कशावर पेटायची? आई टँकरच्या रांगेत तरी कशाच्या जिवावर उभी राहील?"

‘पाण्याचे महत्त्व’ हा निबंध मी कित्येक वर्षे मुलांकडून लिहून घेत आलो आहे. हा मुद्दा एकाही वहीत आलेला नव्हता.

तेव्हा मैदान बंद करा म्हणणे सोपे आहे. हिरवळ थोडी पिवळी होऊ द्या, असे म्हणणाऱ्याची मात्र साहेबाशी आणि माळ्याशी एकदमच गाठ पडते. पण यात अशक्य काही नाही. २००६ साली इंग्लंडमधल्या हॉयलेकच्या मैदानावर ब्रिटिश ओपन झाली, तेव्हा कोरड्या उन्हाळ्याने गवत पार करपले होते. चेंडू टणक जमिनीवर कुठल्या कुठे घरंगळत जाई. टायगर वुड्सने चार दिवसांत ड्रायव्हर ही लांब पल्ल्याची काठी अवघी एकदा उचलली आणि बाकी सारे डोक्याने खेळून तो जिंकला. अमेरिकेत पाइनहर्स्ट येथे तर १९३५ पर्यंत गलीभोवतीची जागाही वाळूचीच होती. तिथले प्रसिद्ध दोन नंबरचे मैदान पुढे इतरांसारखे हिरवे झाले. २०१० नंतर मात्र शहाण्या मंडळींनी त्यातली सुमारे ३५ एकर हिरवळ उपटून पुन्हा वाळू आणि रानगवत आणले. पाण्याचे फवारे साडेअकराशेच्या आसपास होते, ते साडेचारशेवर आले. २०१४ साली तिथेच पुरुषांची आणि बायकांची अशा दोन्ही अमेरिकन अजिंक्यपदाच्या स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत झाल्या. आणि ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कूबर पीडी नावाचे खाणकामगारांचे गाव आहे. तिथल्या मैदानावर गवताचे पाते नाही. खेळाडू नकली हिरवळीचा एक तुकडा काखोटीला मारून जातो, तो जमिनीवर ठेवतो, टोला मारतो आणि उचलून पुढे चालू लागतो. या उघड्या-बोडक्या मैदानाचा सेंट अँड्र्यूजशी परस्पर खेळण्याचा करार आहे! कुळ ओळखतात म्हणायचे.

आपल्याकडेही कोरड्या मुलखातल्या मैदानांवर, विशेषतः लष्करी छावण्यांत, गलीभोवती हिरवळीऐवजी तेल मिसळलेली वाळू पसरतात. तिला ‘ब्राऊन’ म्हणतात. खेळून झाले की फळीने वाळू सारखी करायची. कल्पना चांगली, फक्त ते तेल मला खटकते; गटापर्चाची गोष्ट आठवते.

राहता राहिले खेळणारे. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या चालतात. कमीत कमी किती, याला बंधन नाही. अमेरिकेत १९१३ साली फ्रान्सिस विमेट या वीस वर्षांच्या पोराने इंग्लंडच्या दोन दिग्गजांना हरवून अजिंक्यपद मिळवले. तो माळ्याचा मुलगा. घर मैदानाच्या समोर, रस्त्यापलीकडे. लहानपणी कॅडीचे काम केलेला. त्या दिवशी त्याची पिशवी वाहणारा कॅडी दहा वर्षांचा होता. आपला अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता. त्याने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ साली पुन्हा जिंकली. मुंबईत चेंबूरच्या वस्त्यांतली पोरे बांधकामाची सळई वाकवून काठी करतात आणि बोळांतून, गटारावरून, पत्र्यांवरून चेंडू मारतात. त्यांना कुणी शिकवले? पिशव्या वाहता वाहता डोळ्यांनी शिकली. आमचा तो मुलगाही तसाच. त्याच्या हातातली सळई फिरताना मी पाहिली आहे. त्या एका वळणात जी सहजता होती, ती कुंपणाच्या आतल्या पुष्कळ महागड्या काठ्यांत मला दिसली नाही.

अठरा गली आणि सव्वाशे एकर हवेतच कशाला? सेंट अँड्र्यूजलाच १७६४ पर्यंत बावीस गलींची फेरी होती, ती कमी करून अठरा झाली. म्हणजे अठरा हा काही वेदातला आकडा नव्हे. तिथेच १८६७ साली बायकांनी आपला एक क्लब काढला. खांद्यावर काठी उगारणे त्या वेळी बायकांना शोभत नसे, म्हणून नुसता हलक्या हाताने चेंडू गलीत ढकलायचा खेळ. ती जागा उंचसखल आहे; तिचे नाव ‘हिमालय’. आजही तिथे नातवंडे आणि आज्या थोड्या पैशांत तासभर खेळतात.

हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात एक किडा शिरला. शाळेजवळ नगरपालिकेचा दोन एकरांचा एक राखीव भूखंड वर्षानुवर्षे पडून आहे. तिथे नऊ लहान गली करू द्याव्यात, पाणी नको, हिरवळ नको, असा अर्ज घेऊन मी कचेरीत गेलो. कारकून भला माणूस. त्याने अर्ज दोनदा वाचला, मोठे रजिस्टर उघडले आणि म्हणाला, "सर, क्रिकेट, कबड्डी, खो-खो, व्यायामशाळा एवढेच रकाने आहेत. गोल्फ कशात घालू?" शेवटी त्याने तो ‘इतर’मध्ये घातला. त्याला आता दीड वर्ष होईल.

मुलांना काही रजिस्टर नसते. गोल्फची गल सव्वाचार इंच रुंद असते. कोणता रिकामा डबा त्या मापाचा निघतो हे त्यांनी घरोघर पट्टी लावून शोधले आणि असे नऊ डबे त्या भूखंडात पुरले. तेलाची वाळू नको, मग गलीभोवती काय करायचे, याचा निकाल वस्तीतल्या एका आजीने लावला. तिने कंबर बांधली आणि डब्याभोवती हातभर जागा शेणाने सारवून दिली. वाळल्यावर त्यावरून चेंडू काय सुरेख धावतो! आजी दर आठ दिवसांनी येते, सारवण उखडल्याबद्दल पोरांना शिव्या देते आणि पुन्हा सारवते. गेल्या शनिवारी तिने पहिल्या गलीभोवती रांगोळीची चार बोटे ओढली. तेव्हापासून तिथे चेंडू मारायला कुणी तयार नाही. खेळ दुसऱ्या गलीपासून सुरू होतो.