घर आणि पोलीस ठाणं यांच्या मधली जागा

भिवंडीत 1970 च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून हिंदू-मुस्लीम दंगल पेटली तेव्हा मी शाळकरी होते. 1984 च्या मे महिन्यात पुन्हा पेटली तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते. त्या जूनमध्ये शाळा उघडली आणि हजेरी घेताना काही नावांना ‘हजर’ आलंच नाही. कुणी गावी गेलं होतं, कुणाचे यंत्रमाग जळाल्यामुळे पोरगं कामाला लागलं होतं. उरलेल्या मुलांनी बाकं आपोआप वाटून घेतली होती.

1988 च्या सुमाराला सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समित्या त्याआधीही होत्या, पण त्यात पुढारी बसायचे आणि दंगल झाल्यावर फेरी काढायचे. या समित्यांत मागवाले, किराणावाले, रिक्षावाले, शिक्षक, बायका असे साधे लोक घेतले. दोन्ही समाजांचे, त्याच गल्ल्यांमधले. आमच्या समितीचं काम एक हवालदार बघायचे. मला बोलावलं ते शाळेतल्या बाई म्हणून ओळखीची होते, म्हणून.

पहिल्या बैठकांमध्ये धर्माचा विषयच निघाला नाही. तुंबलेलं गटार, रात्री चालणाऱ्या मागांचा आवाज, नळावरची भांडणं, गल्लीच्या तोंडाशी मुलींना छेडणारी टोळी. दोन-तीन तास हेच. सुरुवातीला मला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटायचा. पण गटाराच्या निमित्तानं निजामपुऱ्यातले एक शेठ आणि पद्मानगरातले एक मुकादम नगरपालिकेत बरोबर खेटे घालू लागले. त्या खेट्यांतून एकमेकांच्या घरी जाणं-येणं सुरू झालं. हवालदारांचं तर सगळ्यांना नवल वाटायचं. एरवी खाकी दिसली की दारं लागायची, आणि इथे ते चहा पीत कुणाच्या मुलीच्या शाळाप्रवेशाबद्दल विचारत होते.

एका संध्याकाळी पद्मानगरातल्या एक आई माझ्या घरी आल्या. तेलुगू घर, त्या कांड्या भरायच्या, मुलगा माझ्याच हाताखाली सातवीपर्यंत शिकलेला. दारातच म्हणाल्या, “बाई, पोराचं काय तरी चाललंय. तुम्ही त्या पोलिसांत बसता ना?” मी म्हटलं, “पोलिसांत नाही हो, समितीत बसते. आत या आधी.” गच्चीवर त्यांना गोणपाटाखाली सोड्याच्या रिकाम्या बाटल्या रचलेल्या दिसल्या होत्या. मुलगा रात्री मित्रांबरोबर कुठल्या कुठल्या भाषणांच्या कॅसेट ऐकत बसायचा. घरात बोलायचा बंद झाला होता, आणि समोरच्या दुकानातून काही आणायला सांगितलं तर ‘त्यांच्याकडून नको’ म्हणायचा. नवऱ्याला सांगितलं तर तो मारेल, ठाण्यात सांगितलं तर पोराच्या नावावर कायमचं काहीतरी लागेल. म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

या कामातलं मला जे काही समजलं ते त्या संध्याकाळी समजलं. मूल हाताबाहेर चाललंय हे सगळ्यांत आधी घरातल्या बाईला दिसतं. तिला ते कुठे बोलता यावं, अशी जागा मात्र कुठेच नसते. घरात बोललं तर भांडण, ठाण्यात बोललं तर गुन्हा. समिती ही या दोहोंच्या मधली जागा होती, आणि ती गटारा-नळाच्या बैठकांतून तयार झाली होती. गटाराची बैठक झाली नसती तर त्या माऊलीला माझं दार आठवलंच नसतं.

मी हवालदारांना सगळं सांगितलं आणि काहीही लिहून घेऊ नका म्हणाले. त्यांनी कागद काढला नाही. साध्या कपड्यांत माझ्या घरी आले. मुलाला मी ‘मराठीची जुनी पुस्तकं न्यायला ये’ म्हणून बोलावलं होतं. तो आला, पाहुणे कोण ते ओळखलं, आणि उठायला लागला. हवालदार म्हणाले, “बस रे. मी ड्युटीवर नाही.” मग बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी त्यानंच सुरुवात केली, 84 सालापासून. वडील ज्या मागांवर काम करायचे ते डोळ्यांदेखत जळाले होते. वडील तेव्हापासून कुठे टिकले नाहीत. नुकसानभरपाई मालकाला मिळाली, कामगाराला काय? हे त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्यांदा विचारलं ते कॅसेटवाल्यांनी, आणि उत्तरही त्यांनीच दिलं.

आम्ही त्याच्याशी वाद घातला नाही. ते जळणं खोटं नव्हतं. माझं आजही ठाम मत आहे की अशा मुलाला ‘तुला कुणीतरी भडकवलंय’ एवढंच सांगणं निरुपयोगी असतं, कारण त्याचं दुःख त्याचं स्वतःचं असतं. तो पुन्हा पुन्हा येत राहिला. कधी चिडून उठून जायचा, पुढच्या आठवड्यात परत यायचा. बाटल्या एका रात्री भंगारात गेल्या. निजामपुऱ्यातल्या त्या शेठनी त्याला आपल्या कारखान्यात माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या हाताखाली घेतलं. तो आधी नाही म्हणाला. मग त्याची आई स्वतः कारखाना बघून आली, आणि तो गेला. शेठची त्याच्याशी फार काही गोडीची बोलणी व्हायची नाहीत. माग बिघडला की हाक मारायचे, पगार वेळेवर द्यायचे. तेवढं पुरलं.

पलीकडच्या मोहल्ल्यातूनही तेव्हा अशीच एक खाला आपल्या धाकट्याची काळजी घेऊन आली होती. तिच्यासाठी मशिदीतल्या मौलानांची मोठी मदत झाली. सगळेच परतले असं नाही. एक मुलगा आमच्यापैकी कुणाचं ऐकेना, शहर सोडून गेला, आणि त्याच्या आईला आम्ही काहीच देऊ शकलो नाही.

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतर मुंबई जळत होती. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगानं पुढे नऊशे मृतांची नोंद केली. भिवंडी शांत राहिली. खोपडेसाहेबांची बदली तोवर झालेली होती, पण समित्या जागच्या जागी होत्या. अफवा यायच्या: अमक्या आळीत देऊळ फोडलं, तमक्या पुलावरून ट्रक भरून माणसं येताहेत. त्या आळीतल्या सदस्याला विचारायचं, दोन्हीकडचे दोघे जाऊन बघून यायचे, आणि येऊन नाक्यावर सांगायचं. आमच्या नाक्यावर दंडाला पट्टी बांधून जे पोरगे उभे होते त्यांत पद्मानगरातला तो मुलगाही होता, तोवर जॉबर झालेला.

मुंबईनं नंतर हा नमुना उचलला. आमच्याकडे मात्र बैठका हळूहळू सुटत गेल्या. साहेब बदलत गेले, सदस्य म्हातारे झाले, गटारासाठी नगरसेवकाकडे जाणं सोपं वाटू लागलं. 2006 च्या जुलैत कोटरगेटच्या पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद चिघळला, गोळीबारात दोघे गेले आणि जमावाच्या हातून दोन पोलीस मारले गेले. त्या वेळी आमच्या भागात समिती म्हणून बोलावता येतील असे चार लोकही उरले नव्हते, हे मला फार लागलं.

आता कॅसेटच्या जागी मोबाइल आहे, आणि गच्चीवर दिसण्यासारखं काही नसतं. 2014 मध्ये शेजारच्या कल्याणचे चार तरुण आयसिसमध्ये सामील व्हायला इराकला गेले. घरच्यांना ते गेल्यावरच कळलं. 2023 च्या डिसेंबरात आमच्याच तालुक्यात पडघ्याजवळच्या बोरिवलीत आयसिसच्याच प्रकरणात एनआयएचे छापे पडले. खटले कोर्टात आहेत, त्यावर मी बोलणार नाही. पण छापा ही शेवटची पायरी आहे, आणि मला काळजी पहिल्या पायरीची आहे. महाराष्ट्र एटीएसनं आईवडील आणि मौलानांना सोबत घेऊन अशा तरुणांशी बोलण्याची वाट धरली, ती मला योग्य वाटते. फक्त एटीएसच्या दारापर्यंत आई स्वतःहून जाणार नाही. तिला गल्लीतलंच दार हवं.

म्हणून आम्ही चार-पाच निवृत्त माणसांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत पुन्हा बसायला सुरुवात केली आहे. विषय जुनेच: पाणी, कचरा, रस्त्यावरचे खड्डे. बायका येतात. कारखान्यातले तरुण अजून येत नाहीत, म्हणून आता बैठक शुक्रवारी, माग बंद असतात त्या दिवशी, ठेवायचं ठरवलं आहे.