न दुखणारी गाठ

“साहेब, गाठ हाय, पण दुखत नाही बघा.” कंधार तालुक्यातल्या वाडीतांड्यांवरून येणारी माणसं हे सांगतात ते स्वतःलाच धीर द्यायला. सर्जन म्हणून मला मात्र याच वाक्याची धास्ती वाटते. पायात काटा मोडून जांघेत अवधाण आलं किंवा काखमांजरी ठणकू लागली, की माणूस रात्र कशीबशी काढून सकाळी दारात हजर होतो. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. मग कापूस वेचणीनंतर बघू, लेकीचं लग्न उरकू दे, असं म्हणत ती पदराआड वाढत राहते.

बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, हेही तितकंच खरं. पाठीवरची मऊ गाठ कडेला दाबली की बोटाखालून निसटते, ती चरबीची. कातडीला चिकटलेली आणि मधोमध काळा ठिपका असलेली गाठ वेगळी, तीही साधीच. मानेतली गंडमाळ अनेकदा क्षयाची निघते, आणि क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण बोटांना कळतो तो अंदाज. स्तनातली कोणतीही नवी गाठ, टणक होत जाणारी, हलवली तरी न हलणारी किंवा वाढत चाललेली गाठ सुईने तपासूनच घ्यावी लागते. पुरुषांच्या छातीतली गाठही यातून सुटत नाही.

अडतं ते इथेच. ‘गाठीला लोखंड लागलं की पसरते’ ही समजूत गावोगाव आहे. मग आधी बिब्बा लावला जातो, कुणी डाग देतं, आणि भाजलेल्या कातडीखाली गाठ तशीच असते. तपासणीच्या सुईने आजार पसरला म्हणून नव्हे, तर उशीर झाला म्हणून माणसं हातची गेलेली मी पाहिली आहेत.

यावर उपाय आपल्याच मुलखात होऊन गेला आहे. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांत 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांना लक्षणं समजावत, रुग्णाला दवाखान्यात यायला सांगत. मुंबईत टाटा रुग्णालयाने 1998 पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या गटात प्रशिक्षित स्त्रियांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासले. 2021 साली निष्कर्ष आले: त्या गटात कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफीचं यंत्र नव्हतं. शिकवलेली बोटं होती. आपल्या आशाताईंना आणि नर्सबाईंना हे शिकवता येईल, असं मला मनापासून वाटतं.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना 2012 मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपलं नांदेड होतं. कर्करोगाचे उपचार तिच्यात बसतात. तुमच्या घरात कुणी अशी गाठ झाकून ठेवली असेल, तर तिला ग्रामीण रुग्णालयात घेऊन या. एकटीला पाठवू नका.