क्रूझवरची उधारीची वही

दुपारचे तीन वाजलेले. बॅलार्ड पिअरला लागलेलं दहा-अकरा मजली जहाज, वरच्या डेकवर स्विमिंग पूलपाशी डीजेचं 'चेक, चेक' चाललेलं, आणि खाली आमच्या केबिनमध्ये आई आणि अण्णा पलंगाच्या कडेला बसून एक केळं अर्धं-अर्धं खातायत!

''तुम्ही जेवला नाहीत अजून?''

''रात्री बघू काहीतरी,'' आई म्हणाली. ''इथलं जेवण आपल्याला परवडायचं नाही बाई. ह्यांनी खाली कॉफीचा रेट बघितलाय.''

मंडळी, चूक शंभर टक्के माझी. दोन महिने आधी बुकिंग केलं, आधार कार्डांच्या झेरॉक्स काढल्या, बोट लागू नये म्हणून गोळ्या घेतल्या, आईला पहिल्यांदाच स्पोर्ट शूज घेतले. फक्त एक वाक्य सांगायचं राहिलं... जेवण तिकिटातच आहे! वर मीच बजावलं होतं की घरचं शिजवलेलं जहाजावर नेऊ देत नाहीत. त्यामुळे पहाटे उठून केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी खर्डीलाच राहिली. मी रिसेप्शनच्या रांगेत उभी, हे दोघं केबिनमध्ये उपाशी. आणि वर, दुपारपासून, बुफे उघडा. तोही फुकट. म्हणजे फुकट नाही, आपणच आधी पैसे भरलेला!

खर्डी म्हणजे नेमकं कुठे, हे मला ऑफिसात दर महिन्याला कोणीतरी विचारतं. कसारा लोकलने आसनगाव-आटगाव मागे टाकलं, डब्यातली गर्दी ओसरली आणि खिडकीतून डोंगर दिसायला लागले की आमचं स्टेशन. अण्णांचं तिथे किराणा दुकान आहे. तीस-पस्तीस वर्षं दिवाळीचा दिवस सोडला तर शटर कधी बंद नाही. यंदा भाताची झोडणी आटोपल्यावर मी हट्टच धरला. मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण रेट आणि नियम प्रत्येक जहाजाचे वेगळे असतात आणि सीझनला बदलतात. तुमच्या बुकिंगच्या कागदावर असेल तेच खरं.

तशी क्रूझ आपल्याकडे आता नवलाईची राहिलेली नाही. २००५ मध्ये 'सुपरस्टार लिब्रा' मुंबईत आली तेव्हा पेपरात पानभर फोटो यायचे. २०१८ मध्ये 'आंग्रिया' गोव्याला निघाली, २०१९ मध्ये 'कर्णिका' आली, दोन्ही फार टिकल्या नाहीत. २०२१ पासून 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस' मुंबईहून सुटायला लागली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटनही झालं. ऑफिसच्या ऑफसाइटपासून लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत सगळं जहाजावर व्हायला लागलंय. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला नक्की कशाचे पैसे लागतात, हे कोणी नीट सांगत नाही.

तर ऐका. साधारणपणे बहुतेक जहाजांवर मोठा बुफे आणि मुख्य डायनिंग रूम, म्हणजे जिथे टेबलावर बसून वेटरकडून वाढून घ्यायचं ती जागा, ही दोन्ही तिकिटात धरलेली असतात. नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, मधलं खाणं. वेगळ्या छोट्या रेस्टॉरंटना, ज्यांना 'स्पेशालिटी' म्हणतात, वेगळे पैसे. दारू, बाटलीबंद थंड पेयं, स्पा, वाय-फाय, फोटो, बंदरावरच्या सहली यांचे वेगळे पैसे. काही पॅकेजमध्ये यातलं काहीतरी आत धरलेलं असतं, म्हणून पुन्हा तेच: कागद वाचा.

खरी मेख मात्र बारक्या गोष्टींत असते. बुफेतल्या मशीनचा चहा-कॉफी सहसा फुकट, पण त्याच मजल्यावर दहा पावलांवर जो स्टायलिश कॉफीचा काउंटर असतो तिथल्या कॅपुचिनोला पैसे. बुफेतल्या मशीनमधून ग्लासात घेतलेलं पाणी फुकट, पण केबिनमध्ये टेबलावर ऐटीत ठेवलेल्या बाटलीच्या गळ्यात बघा, बऱ्याचदा छोटासा टॅग असतो. त्यावर किंमत असते. अण्णांनी तो टॅग चष्मा लावून वाचला आणि हसत सुटले. ''तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय, वर भातसा आहे, मोडकसागर आहे. एप्रिल-मे आला की आमच्या पाड्यांवर टँकर. आणि आता इथं आम्हीच पाणी विकत घ्यायचं!'' हसत होते, पण बाटलीला शेवटपर्यंत हात लावला नाही. रिकामी बाटली घरून न्या, बुफेत भरून घ्या. दिसायला थोडं गावठी दिसतं. दिसू दे.

त्या संध्याकाळी डायनिंग रूममध्ये आणखी एक गंमत. डायनिंगला बऱ्याच जहाजांवर दोन पंगती असतात, एक लवकरची, एक उशिराची. बुकिंग करतानाच सांगितलं तर हवी ती मिळते. आईवडील बरोबर असतील तर डोळे मिटून लवकरची घ्या. शुद्ध शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर तेही बुकिंगलाच लिहून द्या, ऐनवेळी सांगितलं की मग स्वयंपाकघराची धावपळ होते आणि तुमच्या ताटात भात-पनीर येतो. आणि हो, हाफ पॅन्ट आणि रबरी चपला घालून डायनिंग रूममध्ये जाऊ नका, दारातून परत पाठवतात. नऊवारी बिनधास्त चालते. आईची तर दोन फॉरेनर बायकांनी येऊन फोटो काढण्याइतकी चालली.

तर मेन्यू कार्ड आलं. सूप, स्टार्टर, मेन कोर्स, गोड. अण्णांनी कार्ड उलटं केलं, सुलटं केलं.

''रेट कुठंय?''

''रेट नाही त्याला.''

''ज्या मालावर रेट लिहिलेला नाही तो सगळ्यात महाग असतो,'' अण्णा म्हणाले. दुकानदाराचं लॉजिक! आईने तेवढ्यात तिघांत मिळून एक डाळ आणि भात सांगून टाकला. मी समजावतेय, पण मुलीच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतं? शेवटी वेटरच वाकून मराठीत म्हणाला, ''काकू, मागा हवं ते. याचे पैसे लागत नाहीत. आवडलं नाही तर दुसरं आणतो.'' पोरगा संगमेश्वरचा निघाला. जहाजांवर कोकणातली आणि गोव्याची मुलं बरीच भेटतात. आईने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं, खात्री करून घेतली, आणि मग जी जेवलीय! माझ्या आठवणीत आईने कधी हॉटेलात दुसऱ्यांदा गोड मागवलेलं नाही. त्या रात्री मागवलं. मी वॉशरूमला म्हणून उठले आणि दोन मिनिटं उगाच बाहेर उभी राहिले.

म्हणून पहिलं सांगणं हे की घरातल्या मोठ्यांना घेऊन जात असाल तर निघायच्या आधी कशाचे पैसे लागत नाहीत ते मोठ्याने, स्पष्ट, दोनदा सांगा. तुमच्यासाठी ते 'ऑब्व्हियस' असतं. त्यांच्यासाठी नसतं. आणि ते विचारणार नाहीत, उपाशी राहतील.

आता पैशांचं. जहाजावर रोख जवळपास चालतच नाही. चढताना एक कार्ड मिळतं, तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. कुठेही काही घेतलं की कार्ड दाखवायचं, सही करायची, संपलं. शेवटी एकदम हिशेब. खात्याला क्रेडिट कार्ड जोडायचं किंवा सुरुवातीला रोख रक्कम भरून ठेवायची. डेबिट कार्ड शक्यतो देऊ नका. डिपॉझिट म्हणून रक्कम अडकवली जाते आणि ती सुटायला कधीकधी बरेच दिवस लागतात, महिनाअखेर असली तर हाल.

हे सगळं मी अण्णांना दहा मिनिटं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ''म्हणजे वहीवर लिहायचं.''

अगदी तेच! अण्णांच्या गल्ल्यामागे उधारीच्या लाल वह्या असतात. त्यांचा अनुभव असा की जो गिऱ्हाईक दर आठवड्याला येऊन 'माझं किती झालं?' विचारतो त्याची उधारी कधी डोईजड होत नाही. जो थेट दिवाळीला विचारतो तो भांडतो. कारण पेन्सिलने लिहिलेली दोन-दोन रुपयांची काडेपेटी कोणाच्या लक्षात राहते? जहाजाचं कार्ड म्हणजे तीच काडेपेटी, फक्त एसीतली.

म्हणून पहिल्या रात्री जेवणानंतर अण्णा सरळ रिसेप्शनला गेले आणि खात्याची प्रिंट मागितली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे लाइनमध्ये सगळे सूटबूटवाले, आणि हे लेंग्यात, 'आमचं किती झालं?' विचारतायत. काउंटरवरच्या मुलीला मात्र काहीच वाटलं नाही, तिने लगेच प्रिंट दिली. बऱ्याच जहाजांवर हा हिशेब केबिनमधल्या टीव्हीवर किंवा ॲपवरही दिसतो.

अण्णांनी केबिनमध्ये येऊन प्रिंट मोठ्याने वाचली. ''कॉफी. कॉफी. वाय-फाय. कॉफी. फोटो. हे काय गं? मॉकटेल दोन.''

सगळं माझं. आई-अण्णांच्या नावावर शून्य. ऑफिसच्या सवयीने येता-जाता कॉफीच्या काउंटरवर सही ठोकत होते मी, आणि यांना पाण्याच्या बाटलीवरून लेक्चर देत होते. अण्णा काही बोलले नाहीत. प्रिंटची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मशीनची कॉफी प्यायले. वाईट नसते.

ड्रिंक्स पॅकेजबद्दल एवढंच सांगते की तिथे उभं राहून ठरवू नका, घरी बसून गणित करा. पॅकेजचा दर बहुतेक माणशी आणि दिवसाप्रमाणे असतो. पण दोन रात्रींच्या ट्रिपमध्ये पहिला दिवस चढण्यात जातो आणि शेवटच्या सकाळी उतरायचं असतं, म्हणजे पैसे भरलेल्या वेळातले प्यायचे तास मोजकेच. दिवसाला पाच-सहा ग्लास होणार असतील तरच परवडतं. परदेशी क्रूझवर आणखी एक अट बऱ्याचदा असते: केबिनमधल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं. नवरा पिणारा, बायको न पिणारी, अशा जोडप्यांचा इथे मोठा गेम होतो.

टिपचंही तसंच. तिला 'ग्रॅच्युइटी' किंवा 'सर्व्हिस चार्ज' म्हणतात आणि ती माणशी, रात्रीप्रमाणे आपोआप लागते. आपल्याकडे बऱ्याचदा बुकिंगच्या वेळीच घेतात, परदेशात खात्यावर चढते. मोठ्या परदेशी कंपन्यांत आता माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर. चौघांचं कुटुंब, सात रात्री, करा गुणाकार! सिंगापूर किंवा दुबईची क्रूझ 'स्वस्तात' दिसली की आधी हा आकडा त्यात मिळवा, मग बोला. अण्णांना मी सांगितलं की टिप आधीच भरलीय. त्यांनी मान हलवली आणि तरी संगमेश्वरच्या पोराच्या हातात दोनशेची नोट ठेवली. ''ती कंपनीची. ही काकूची.''

फोनचं विसरू नका. किनारा दूर गेला की रेंज जाते आणि जहाजाचं स्वतःचं नेटवर्क फोन पकडू शकतो. त्याचं रोमिंग भयंकर महाग असतं आणि त्याचं बिल जहाजाच्या खात्यावर नाही, तुमच्या मोबाइल कंपनीकडून नंतर येतं. बंदर सुटलं की फोन सरळ एअरप्लेन मोडवर टाका. वाय-फाय घेतलंच तर तिघांत एक घ्या. ऑफिसला सांगा, रेंज नव्हती. खोटं नाही ते.

गोव्याला जहाज मुरगावला लागतं, म्हणजे वास्कोपाशी. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. जहाजाची सहल सोपी पण महाग. चौघं असाल तर बाहेरची टॅक्सी ठरवायला हरकत नाही, फक्त परत यायची वेळ घट्ट धरा. सहल जहाजाची असेल तर ते सहसा थांबतात. तुमच्या टॅक्सीसाठी कोणी थांबत नाही.

शेवटच्या रात्री खात्यावरचा हिशेब पुन्हा बघितला. दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात एकच नोंद होती. कॉफी, एक. मी अण्णांकडे बघितलं.

''मी घेतली,'' अण्णा म्हणाले. ''म्हटलं बघावं तरी, पोरगी कशाला एवढे पैसे घालते.''

''कशी होती?''

''बरी होती. कप छोटा होता.''

सकाळी उतरलो, टॅक्सीने सीएसएमटी, तिथून कसारा लोकल. दुपारी अण्णांनी शटर उघडलं. जहाजाच्या दोन्ही प्रिंट आता गल्ल्यात, लाल वह्यांच्या वर असतात. परवा शेजारच्या मेडिकलवाल्याचा मुलगा हनीमूनसाठी विचारायला आला होता. अण्णांनी त्याला प्रिंट दाखवल्या, कॉफीवर बोट ठेवलं, आणि आतून आई ओरडली, ''त्याला आधी सांगा, चढल्या चढल्या वर जाऊन जेवून घे म्हणावं!''