करवतीच्या शेजारी उलटा टांगलेला राउटर

टेबल सॉच्या उजव्या अंगाला जो रुंद पंख नुसता पडून असतो, ज्यावर आपण पेन्सिल, मोजपट्टी आणि चहाचा कप ठेवतो, त्याच्या पोटात राउटर उलटा टांगता येतो! हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. ऑफिसात जेवताना, मराठी मंडळाच्या बैठकीत, पुण्यातल्या भावाला फोनवर, सगळ्यांना मी हेच सांगतो आहे, आणि आता लिहूनही सांगतो.

ज्यांनी राउटर पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. उभी मोटर, तिच्या टोकाला कॉलेट नावाची पकड, आणि पकडीत धारदार बिट. बिट मिनिटाला दहा-वीस हजार फेरे घेतं आणि लाकडात झिरी पाडतं, कडेला गोलाई देतं, नक्षीची पट्टी काढतं. पूर्वी सुताराकडे गोला-गलता काढायचे वेगवेगळे रंधे असत. आता तेच काम बिट बदलून होतं. हातात धरलेला राउटर लाकडावरून फिरतो. तोच टेबलाखाली उलटा बसवला की यंत्र जागेवर राहतं आणि लाकूड त्याच्याकडे जातं. दोन बोटं रुंदीची पट्टी हातातल्या राउटरखाली स्थिर धरताच येत नाही, यंत्र तिच्यावर डुगडुगतं. टेबलावर तीच पट्टी फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या सरळ आडपट्टीला, टेकवून सरळ पुढे न्यायची. बस्स!

मी राहतो न्यू जर्सीत. इथे बहुतेकांचं सुतारकाम गॅरेजमध्ये चालतं, आणि त्याच गॅरेजमध्ये गाडीही राहायची असते. स्वतंत्र राउटर टेबल ठेवायला जागा कुठली? शिवाय चांगल्या राउटर टेबलाला काय लागतं ते बघा: सपाट, जड, न हलणारा पृष्ठभाग आणि सरळ, घट्ट बसणारी फेन्स. अहो, या दोन्ही गोष्टी टेबल सॉमध्ये आधीच आहेत! बिडाचं टेबल, पुढून मागे २७ इंच खोल, आणि रुळावरून सरकणारी, जागच्या जागी कुलूप लागणारी फेन्स. मी फक्त उजवा पंख काढला आणि त्या जागी राउटरसाठी चौकोनी खिडकी असलेला बिडाचा पंख बोल्टने आवळला. मजल्यावर एक इंचही जास्त जागा गेली नाही.

पण मला सगळ्यात हरखून टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीने. राउटर सुरक्षित बसावा म्हणून जे जे करायला सांगितलेलं असतं, ते सगळं काम स्वच्छ व्हावं म्हणूनही लागतं. एकही खबरदारी अशी नाही की ती घेतल्याने हात वाचतो पण काम बिघडतं. उलट हात वाचतो आणि कडही आरशासारखी निघते.

प्लेटचंच बघा. त्या खिडकीत सव्वानऊ बाय पावणेबारा इंचांची इन्सर्ट प्लेट बसते, जाडी सुमारे ३/८ इंच. राउटरच्या बैठकीचा काळा प्लास्टिकचा तळ काढायचा, तोच प्लेटवर ठेवून छिद्रांच्या खुणा करायच्या, आणि बैठक खालून प्लेटला जोडायची. तळाचे मूळ स्क्रू इथे चालत नाहीत, कारण ते पातळ प्लास्टिकच्या हिशोबाने केलेले असतात. जाड प्लेटमधून जाऊन त्यांचे जेमतेम दोन-तीन आटे बैठकीत धरतात. एवढ्या आट्यांवर साडेतीन किलोचं, थरथरणारं यंत्र उलटं लटकवायचं नाही. म्हणून लांब मशीन स्क्रू आणायचे, पण इतकेही लांब नाहीत की ते भोकाच्या तळाला टेकतील आणि आवळल्यासारखे वाटूनही प्लेट सैल राहील. स्क्रूचं डोकं प्लेटमध्ये बुडालेलं हवं. आणि इथे एक बारकावा आहे, जो कळला तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठलो: अमेरिकन इंची स्क्रूच्या शंकूसारख्या डोक्याचा कोन ८२ अंश असतो आणि मेट्रिक स्क्रूचा ९० अंश! काउंटरसिंकचं बिट त्याच कोनाचं नसेल तर डोकं फक्त एका बारीक कडेवर टेकतं, आणि यंत्राच्या थरथरीने ते हळूहळू सुटतं. कोन जुळला की डोकं पूर्ण बसतं. वर निळ्या थ्रेड-लॉकरचा एक थेंब टाकायचा. निळाच, म्हणजे पुढे कधी काढायचा झाला तर साध्या पान्याने निघतो.

मग प्लेट टेबलाशी एका पातळीत आणायची. कोपऱ्यांत बारीक स्क्रू असतात, ते पाव-पाव फेरा फिरवत जायचं आणि सांध्यावर आडवी पोलादी पट्टी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहायचं. मला त्याहून भरवशाचं वाटतं ते नख. टेबलावरून प्लेटकडे आणि प्लेटवरून टेबलाकडे नख ओढायचं. केसाएवढी पायरी असली तरी ते अडतं. नख जिथे अडतं तिथे लाकूडही अडणार, आणि फिरत्या बिटासमोर लाकूड अचानक थांबलं की हात पुढे निसटतो. हीच पायरी कडेवर खळगा म्हणूनही उमटते. पातळी जुळल्यावर प्लेट वरून स्क्रूने दाबून टाकायची, नुसत्या वजनावर सोडायची नाही.

वजनाचा विषय निघालाच आहे तर पंखाबद्दल सांगतो. पंख एका बाजूने टेबलाला आणि पुढे-मागे फेन्सच्या रुळांना आवळलेला असतो, पण बीड, प्लेट आणि राउटर मिळून टोकाला चांगलाच भार येतो. सॉ हलका असेल तर त्याचा तोल त्या बाजूला जाऊ शकतो. म्हणून टोकाखाली जमिनीवर टेकणारा, उंची कमी-जास्त करता येणारा पाय हवा. मी तो लावला आणि मग टेबल व पंखावर लांब पट्टी आडवी ठेवून पाहिली: एकच सलग मैदान! आणखी एक तपासणी मोटर टांगण्याआधी करावी. करवतीचं पातं ४५ अंशांत कलवायचं, पूर्ण वर-खाली करायचं, आणि करवतीची स्वतःची मोटर किंवा तिचं झाकण राउटरच्या जागेत येतं का ते वाकून बघायचं. काही सॉमध्ये येतं.

माझा राउटर बॉशचा १६१७. सव्वादोन हॉर्सपॉवर, आठ हजारांपासून पंचवीस हजार फेऱ्यांपर्यंत वेग, आणि त्याच्या संचात दोन बैठका मिळतात. एक बैठक कायमची टेबलाखाली राहते. मोटर तेवढी काढून दुसऱ्या बैठकीत घातली की हातातला राउटर तयार. मात्र उलट्या बैठकीतली मोटर काढताना एक हात खालून मोटरला लावूनच चाप सोडायचा. सरळ धरलेल्या राउटरमध्ये चाप सुटला तर मोटर खाली लाकडावर टेकते. उलट्यामध्ये ती थेट फरशीवर.

वेगाचा हिशोब मी वहीवर मांडून पाहिला. एक इंच व्यासाचं बिट मिनिटाला २२ हजार फेऱ्यांवर फिरलं तर त्याची कड ताशी सुमारे १०५ किलोमीटरने धावते. दरवाज्याच्या पॅनेलची उतरती कड काढणारं साडेतीन इंची बिट तेवढ्याच फेऱ्यांवर फिरवलं, तर कड ताशी ३६९ किलोमीटरने धावेल! म्हणूनच एवढ्या मोठ्या बिटांसाठी वेग बारा हजारांच्या आसपास किंवा त्याहून खाली ठेवायला सांगतात. आणि अशी बिटं फक्त टेबलातच वापरायची, हातात कधीच नाही. त्यांना ताकदही जास्त लागते, सव्वातीन हॉर्सपॉवरची मोटर असली तर उत्तम.

कॉलेटमध्ये बिटाची दांडी पूर्ण आत घालायची आणि मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढून आवळायची. तळाला टेकलेली दांडी आवळताना नीट पकडली जात नाही, आणि दांडी जिथे बिटाच्या डोक्याकडे रुंदावत जाते तो भाग पकडीत येता कामा नये. हे सगळं प्लग भिंतीतून काढल्यावर. स्विच बंद आहे म्हणून नाही, प्लग काढला आहे म्हणून. आमच्या मंडळात एक काका आहेत, आयुष्यभर यंत्रांवर काम केलेले; माझं टेबल बघायला आले तेव्हा कौतुक करण्याआधी त्यांनी विचारलं, “प्लग कुठाय रे?” मी भिंतीजवळ लोंबणारी वायर दाखवली, तेव्हा कुठे ते हसले.

आता स्विच. राउटरचा स्वतःचा स्विच टेबलाखाली, अंधारात, भुशात. तिथे हात घालून यंत्र बंद करायचं म्हणजे फिरत्या बिटाशेजारी आंधळेपणाने चाचपडणं. म्हणून टेबलाच्या पुढच्या काठाला मोठ्या लाल बटणाचा स्विच लावायचा, राउटरची वायर त्यात, आणि राउटरचा स्वतःचा स्विच चालूच ठेवायचा. लाल बटणाचा स्विच गुडघ्याने धक्का दिला तरी बंद व्हावा असा. आणि तो ‘नो-व्होल्ट’ जातीचा असावा. म्हणजे वीज गेली की तो आपोआप सुटतो, आणि वीज परत आली तरी तुम्ही बटण दाबेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. लोडशेडिंग भोगलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

लाकूड कुठून कुठे न्यायचं, हा भाग तर मला फारच आवडतो. हातात धरलेल्या राउटरचं बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं. उलटा टांगला की वरून पाहताना काट्याच्या उलट. फेन्स बिटाच्या पलीकडे असेल तर लाकूड उजवीकडून डावीकडे न्यायचं. मग बिट लाकडाला मागे लोटतं आणि फेन्सवर दाबून धरतं. म्हणजे यंत्र स्वतःच लाकूड सरळ ठेवायला मदत करतं! उलट दिशेने ढकललं तर बिट लाकूड खेचून घेऊन जातं, हातासकट. लाकूड फेन्स आणि बिट यांच्या मधल्या फटीतूनही कधी न्यायचं नाही.

टेबल सॉवर हे आणखी मजेशीर होतं. मी उजव्या टोकाशी, करवतीकडे तोंड करून उभा राहतो. करवतीची फेन्स माझ्यासमोर, बिट आणि करवतीचं पातं यांच्या मध्ये. करवतीवर लाकूड टेबलाच्या पुढून मागे जातं. राउटरवर तेच मागून पुढे येतं! फेन्सच्या माझ्याकडच्या अंगाला मी लाकडाची जोडफेन्स आवळली आहे. तिला बिटापुरती खाच, मागे भुसा ओढणाऱ्या नळीचं तोंड, वर पारदर्शक झाकण. करवतीचं पातं मात्र पूर्ण खाली. अमेरिकेत आता असे सॉ मिळतात की बोट पात्याला लागताच पातं पाच मिलिसेकंदांत थांबतं. स्टीफन गॅस यांनी १९९९ मध्ये ती युक्ती काढली. पण ती पात्यापुरती आहे. पंखात टांगलेल्या राउटरच्या बिटाला तशी कुठलीही राखण मिळत नाही. तिथे झाकण, ढकलायची दांडकी, आणि लाकूड फेन्सकडे दाबणारी दातेरी फळी, एवढंच आपल्या बाजूने. वळणदार लाकूड फेन्सशिवाय, बेअरिंगच्या बिटावर फिरवायचं असेल तर प्लेटवर एक खुंटी बसवतात. लाकूड आधी खुंटीला टेकवायचं, मग हळूच बिटाकडे वळवायचं.

आणि काम! खणाच्या फळीत तळ बसवायची झिरी काढली. एका दमात पूर्ण खोली नाही. थोडं खोदायचं, बिट थोडं वर घ्यायचं, पुन्हा. कानाला मफ्स, डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. आवाज ९० डेसिबलच्या वर जातो आणि एमडीएफचा भुसा पिठाहून बारीक. शेवटच्या फेरीनंतर झिरीत बोट फिरवलं. तळ सपाट, दोन्ही भिंती सरळ, एकही रेषा फाटलेली नाही. सागाच्या तुकड्यावर केलं तेव्हा तो वासही आला, कोकणातल्या जुन्या घरांतल्या दारांचा असतो तो.

महाराष्ट्रातले कितीतरी सुतार हातातली गोल करवत प्लायवूडखाली उलटी बसवून टेबल करतात, राउटरही तसाच. त्यांच्या हाताची सफाई माझ्याकडे नाही. पण त्या प्लायवूडला जाड प्लेट, पूर्ण बसलेले स्क्रू आणि पुढे लाल बटण मिळालं, तर तेच टेबल कितीतरी भरवशाचं होईल.

घरी टेबल सॉ असेल आणि त्याचा उजवा पंख रिकामा असेल, तर राउटर तिथेच बसवा. पैसे कमी असतील तर आधी नो-व्होल्ट स्विच आणि टोकाखालचा पाय घ्या. उंची वर-खाली करणारी महाग लिफ्ट नंतर घेता येईल.