आधी माती, मग दगड

आषाढ लागला की गोव्यातल्या चिऱ्याचा भरवसा धरू नये. उन्हाळाभर ज्याच्या भोकांतून तांबडी धूळ उडते तोच चिरा पाणी पिऊन आधी काळा पडतो, मग हिरवा, आणि त्या हिरव्यावर डोळ्यांना न दिसणारा बुळबुळीत थर चढतो. पेडण्यात काय न् डिचोलीत काय, घरापुढच्या पायऱ्या चिऱ्याच्या, तुळशीपुढचं आंगण चिऱ्याचं, विहिरीचा काठ नि देवळाच्या तळीच्या पायऱ्याही चिऱ्याच्याच. घरोघर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने खरवडणं चालतं, तरी दर पावसाळ्यात वाड्यावरचं कोणीतरी पडतंच. यंदा पाळी माझी होती.

पडताना माणूस विचार करत बसत नाही, हात पुढे टाकतो. डोकं वाचतं, तोंड वाचतं आणि सगळा भार मनगटावर येतो. अंगठ्याच्या बाजूने कोपरापासून खाली येणारं रेडियस नावाचं हाड मनगटाच्या जरा अलीकडे मोडतं आणि मागे सरकतं. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या शल्यवैद्याने १८१४ साली या मोडीचं वर्णन लिहिलं, म्हणून तिला त्याचं नाव. क्ष-किरण सापडायला तेव्हा अजून ऐंशी वर्षं होती. १८९५ मध्ये राँटगेनने बायकोच्या हाताचं चित्र घेतलं, त्यात हाडं दिसली आणि बोटातली अंगठी. कॉलिसने मात्र नुसत्या बोटांनी चाचपून ओळखलं होतं की हा निखळलेला सांधा नव्हे, मोडलेलं हाड आहे. जागेवर न बसवलेल्या अशा हाताबद्दल त्याने एक दिलासाही लिहून ठेवला: वाकडेपणा जन्मभर राहील, पण पुढे कधीतरी, बऱ्याच काळाने, हात मोकळा होईल आणि दुखणं जाईल. बऱ्याच काळाने म्हणजे कधी, ते त्याने लिहिलं नाही. डॉक्टर मंडळींची ही सवय जुनीच दिसते.

हात सुजायच्या आत बांगड्या काढा, असं शेजारच्या नर्सबाईंनी कुंपणापलीकडून ओरडून सांगितलं. सोन्याच्या साबण लावून निघाल्या, हिरव्या काचेच्या वाढवाव्या लागल्या. तेवढ्या गडबडीतही सासूबाईंनी डाव्या हातातल्या तशाच ठेवायला बजावलं. मग म्हापसा, क्ष-किरण, भूल, ओढाताण, प्लास्टर. त्या भागाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. भूल दिलेला माणूस काय सांगणार?

प्लास्टर असलेल्या माणसाला समाजात स्थान असतं. बसमध्ये जागा मिळते. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात भाजीवाली पिशवी स्वतः खांद्याला अडकवून देते. पेडण्याहून माहेरची माणसं आली, नाचणीचं पीठ आणि हाडसांधीची कांडी घेऊन आली. मोरजीच्या मावशीने तिसऱ्या पाठवल्या. शिंपल्यात कॅल्शियम असतं म्हणे, मग आतल्या माशात का नसावं? एकाने सावंतवाडीकडच्या हाडवैद्याचा पत्ता दिला, दुसऱ्याने त्याच वैद्याकडे वाकडा बसलेला आपला हात दाखवला. नातवाने प्लास्टरवर विमान काढलं, कारण मोपाला विमानतळ झाल्यापासून त्याला दुसरं काही काढता येत नाही. मला मी पडल्याची गोष्ट इतक्यांदा सांगावी लागली की शेवटी शेवटी ती चांगली रंगू लागली. दुखत होतंच, पण दुखण्याला साक्षीदार होते.

त्या काळात माझ्याकडे काही कामच नव्हतं. मोडलेल्या जागी रक्त साखळतं, त्याच्या जागी मऊ जाळं विणलं जातं, त्यात चुना भरत जातो, मऊ घट्ट होतं आणि पुढे कितीतरी महिने शरीर त्या जोडाला तासून आकार देत राहतं. हे सगळं आपण झोपलेले असताना, वर्तमानपत्र वाचताना, कोणावर चिडलेले असतानाही चालू असतं. हाड आपली परवानगी मागत नाही. १८५२ मध्ये मॅथायसन नावाच्या डच लष्करी डॉक्टरने प्लास्टर लावलेल्या पट्ट्यांची युक्ती प्रसिद्ध केली, ती एवढ्याचसाठी की हाडाला आपलं काम करू द्यावं, मधे येऊ नये.

चवथीच्या थोडं आधी प्लास्टर कापलं. आतून जो हात निघाला तो माझा आहे हे पटायला वेळ लागला. बारीक, पांढुरका, कातडीचे पापुद्रे सुटणारा, ओळखीचा वास नसलेला. डॉक्टरांनी नवा फोटो उजेडात धरला, हाड छान जुळलंय म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. ही खबर माझ्याआधी घरी पोहोचली. दुसऱ्या दिवसापासून कोणी विचारेनासं झालं.

आणि हात तर तेव्हा दुखायला लागला होता. मूठ वळत नव्हती. बोटं तळहातापासून दोन बोटं दूर येऊन थांबायची, पुढे जायचीच नाहीत. चवथीला सगळ्या जणी नेवऱ्या करायला बसल्या तेव्हा माझ्यापुढेही लाट्या आल्या, कारण या घरात मुरड घालायची ती मी. नेवरीची मुरड म्हणजे अंगठा आणि तर्जनीची चिमूट, प्रत्येक चिमटीला मनगटाचा छोटा हेलकावा, कड दुमडायची, दाबायची, पुढे सरकायचं. चाळीस वर्षं हे करताना मनगट त्यात आहे हे मला माहीत नव्हतं. पहिल्या नेवरीला कशाबशा तीन मुरडी पडल्या आणि कळ कोपरापर्यंत गेली. जाऊबाईंनी काही न बोलता लाटी आपल्याकडे ओढली, त्याचा राग आला. गणपतीच्या डोक्यावरची माटोळी बांधताना मी खाली उभी राहून कवंडळं, सुपारीची शिपटं, असोळे नारळ एकेक करून डाव्या हाताने वर देत राहिले. केवणीची गाठ मारणं हे दोन हातांचं काम, ते पुतण्याने केलं आणि सैल केलं.

प्लास्टर सर्वांना दिसतं, आखडलेला सांधा कोणाला दिसत नाही. म्हापशाला फिजिओथेरपीच्या रांगेत चांदेलची एक बाई भेटायची. पेडण्याला बस बदलून यायची, काजूच्या बागायतीत कामाला होती. दोनचारदा दिसली, मग यायची बंद झाली. शेवटी भेटली तेव्हा म्हणाली होती, घरचीं म्हणटात, प्लास्टर काडलें न्हय मगे? या प्रश्नाला उत्तर नाही. बरं होण्याचा खरा कष्टाचा भाग सुरू होतो त्याच दिवशी रजा संपते, सहानुभूती संपते आणि ज्यांचं पोट हातावर आहे त्यांचा उपचारही संपतो. हाड जोडण्याला आपण उपचार म्हणतो, हात परत मिळवण्याला चोचले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरसुद्धा फिजिओथेरपी शेवटच्या ओळीत असते.

मी जात राहिले, कारण मला जाणं शक्य होतं. डिचोलीहून मुळगाव, अस्नोडा, पुढे म्हापसा. अस्नोड्याच्या पुलावर बस हादरली की मनगटात टाचणी टोचायची. म्हापशाला वितळलेल्या मेणात हात बुडवायचा, साधारण पन्नास अंशांच्या, थरावर थर चढवायचे, टॉवेलात गुंडाळून बसायचं. हा भाग सुखाचा. मेण सोलून काढलं की तिथली फिजिओथेरपी करणारी पोरगी माझा हात आपल्या हातात घ्यायची आणि वाकवायची. मी ओरडले की म्हणायची, आंटी, दुखतलें, पूण मोडचें ना. तिशीसुद्धा न गाठलेल्या त्या मुलीने मला जे सांगितलं ते साठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं: दुखणं म्हणजे दरवेळी इजा नव्हे. पण हेही तिनेच सांगितलं की हात तापला, चकचकीत झाला, रंग बदलू लागला, नुसत्या वाऱ्याने आग होऊ लागली, तर थांबायचं आणि लगेच दाखवायचं. हँबर्गच्या झुडेक यांनी १९०० साली ओळखलेला तो आजार अशा साध्या मोडीनंतरही होऊ शकतो. त्या सांगण्यानंतर कित्येक रात्री मी दिवा लावून हाताचा रंग बघत बसायची.

वाकवणं हळूहळू जमू लागलं, फिरवणं जमेना. कोपर ते मनगट दोन हाडं. तळहात वर असतो तेव्हा ती शेजारी शेजारी उभी असतात, पालथा केला की रेडियस तिरकं होऊन दुसऱ्यावरून पलीकडे जातं. पालथा हात मला लवकर आला. कणीक तिंबणं, इस्त्री फिरवणं, नातवाच्या पाठीत धपाटा, ही सगळी पालथ्या हाताची कामं. उताणा हात येईना. कंडक्टरने सुटे पैसे पुढे केले की ते घसरून माझ्या पायाशी. भाताचा घास तोंडाशी नेताना कोपर आभाळाला. हात वळत नसला की त्याच्या वाटचं वळण खांदा घेतो, खांद्याला जमलं नाही तर आख्खं अंग वाकतं.

भगवतीच्या देवळात हे फार लक्षात आलं. पुनवेला मी पेडण्याला गेले होते. दारातले ते दोन काळे दगडी हत्ती लहानपणापासून आमच्या ओळखीचे. त्यांच्या सोंडेला हात लावून आत गेले आणि तीर्थाला उभी राहिले. तीर्थ उजव्याच हातात घ्यायचं. भटजी पळी भरून थांबले. मी डाव्या हाताने उजवं कोपर पोटाशी दाबलं, कमरेतून तिरकी झाले, तेव्हा कुठे तळहात अर्धामुर्धा वर आला. मागे रांग खोळंबली. मागची म्हातारी म्हणाली, कसो आसा गो हात? प्लास्टर निघाल्यानंतर इतक्या दिवसांनी कोणी विचारलं, म्हणून तिला मी नको इतकं सविस्तर उत्तर दिलं.

पेडण्याची पुनव म्हणजे भूतनाथाची पुनव. त्याला एका रात्रीत देऊळ बांधून हवं होतं आणि ते कोणाला जमलं नाही, अशी आख्यायिका. म्हणून तो दरवर्षी रुसून रानाच्या वाटेला लागतो, लोक त्याचं तरंग, म्हणजे त्याचा सजवलेला दंड, अडवतात, बांधतो, बांधतो म्हणून विनवतात, तेव्हा तो परततो. लहानपणी मला यात देवाची फसवणूक वाटायची. या वर्षी मी दोन्ही बाजूंना होते. एका रात्रीत सगळं हवं असणारीही मीच आणि त्या रुसलेल्याला खोटंनाटं सांगून रानातून परत आणणारीही मीच.

सुश्रुत हाती लागला तो याच दिवसांत, मराठी भाषांतरात. भग्नाच्या अध्यायात तो वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या बांधायला सांगतो. काळाचा हिशेबही सांगतो: तरुणपणी एक महिना, मध्यम वयात दुप्पट, उतारवयात तिप्पट. मी तिसऱ्या रांगेतली. म्हणजे डॉक्टरांनी जे मोघम ठेवलं ते याने दोन हजार वर्षांच्या आसपास आधी रोखठोक सांगून टाकलं होतं. पण मला तिथे थांबवलं ते पुढच्या एका बारीकशा सूचनेने. हाताचा तळवा मोडून बरा झाला की त्या माणसाला आधी मातीचा गोळा धरायला द्यावा आणि हातात बळ आलं की दगड. हा माणूस पट्टी सोडून पुढच्या रोग्याकडे वळला नव्हता. पट्टी सुटल्यावरचा हात त्याने पाहिला होता.

फिजिओथेरपीला एक निळा रबरी गोळा मिळाला होता. तो दाबला की दबतो, सोडला की होता तसा. आपण काही केलं याची त्याच्याकडे नोंद नाही. माती तशी नसते, आणि डिचोलीत मातीला तोटा नाही. इथलं कुंभारकाम गोव्यात नावाजलेलं. बाजारात मडकी घेऊन बसणाऱ्याकडे मी नुसती मळलेली माती मागितली. त्याने आधी कशाला म्हणून विचारलं, मग पुढच्या बुधवारी केळीच्या पानात बांधून आणली, पैसे घेईना. सुरुवातीला त्या गोळ्यावर माझ्या दोन बोटांची टोकं तेवढी उमटायची. मग चार बोटं आली, करंगळी सगळ्यांत पुसट. नव्या सोमवारच्या सुमारास तळहाताच्या रेषा उमटू लागल्या. त्या सोमवारी रात्री शांतादुर्गेच्या उत्सवात मी गाणं ऐकायला बसले आणि ऐकलं काहीच नाही. तबलजीचं मनगट बघत राहिले. डग्ग्यावर ते कसं दाबतं, घासतं, सुटतं.

एक गोष्ट मात्र मला कोणी आपणहून सांगितली नाही, मीच विचारली: एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं कसं? पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं विरळ होत जातात आणि त्याचा पहिला इशारा पुष्कळदा मनगट देतं. दुसरा कंबर देते आणि तो फार महाग पडतो. मनगट जोडून घरी पाठवताना हाडांची घनता तपासायला सांगणं एवढं अवघड नसावं. आता मी भेटेल त्या साठीच्या बाईला हे सांगत सुटते, त्यामुळे काहीजणी मला पाहून रस्ता बदलतात.

मातीचं बरं चाललंय. दगडाची पाळी यायची आहे. सध्या अर्ध्या किलोच्या वर काही उचलायचं नाही असं फिजिओथेरपीच्या त्या मुलीने बजावलंय, पण माझ्या डोळ्यांपुढे माहेरचा, माळ्यावर पडलेला आईचा वरवंटा आहे. भावजयीला फोन करून सांगितलं, साफसफाईत तो टाकून देऊ नकोस, मला हवाय.

ती म्हणाली, “ताई, तो पयलीं माळ्यावयल्यान सकयल कोण हाडटलो तें सांग.”