हाताचे यश

एखाद्या वैद्याचा गुण येऊ लागला की आपल्याकडे म्हणतात, त्याच्या हाताला यश आहे. अमेरिकेत एका उपचारपद्धतीने हाताचेच नाव धारण केले. 'कायरोप्रॅक्टिक' हा शब्द हात आणि कृती या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून घडला आहे.

या पद्धतीचा जनक डॅनियल डेव्हिड पामर १८४५ साली कॅनडात जन्मला. त्याच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. त्याने मधमाश्या पाळल्या, शाळेत शिकवले, किराणा मालाचे दुकान चालवले आणि पुढे आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट गावी चुंबकीय उपचार सुरू केले. १८९५ साली त्याच इमारतीत साफसफाई करणारा हार्वी लिलार्ड त्याच्यापुढे बसला. सतरा वर्षांपूर्वी अवघडून वाकलेला असताना पाठीत काहीतरी निसटल्यासारखे वाटले आणि तेव्हापासून ऐकणे गेले, असे त्याचे म्हणणे होते. पामरने पाठीतील उंच आलेला मणका हाताने दाबून जागी बसवला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागले, असे त्याने लिहून ठेवले.

या अनुभवातून सिद्धान्त उभा राहिला. मणका किंचित सरकला की मज्जातंतूंच्या कार्यात बाधा येते, शरीराची अंगभूत शक्ती अडते आणि रोग उद्भवतो. मणका जागी आणला की शरीर स्वतःच बरे होते. १८९७ साली पामरने विद्यालय काढले. १९०६ साली परवान्याविना वैद्यकी केल्याचा ठपका आला, तेव्हा दंड भरण्याऐवजी त्याने प्रथम तुरुंग पत्करला. विद्यालय मुलाच्या हाती गेले आणि बापलेकांत दुरावा आला. उभारलेली पेढी डोळ्यांदेखत परकी होणे काय असते, हे व्यापारी घरांना सांगायला नको.

मात्र एका नोंदीवरून कोणी वर्षाचा ताळेबंद मांडत नाही. श्रवणाचा मज्जातंतू कवटीच्या आतच असतो, पाठीतून जात नाही. सर्व रोगांचे मूळ मणक्यात शोधणारा दावा शास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. कंबरदुखीत मात्र या हस्तोपचाराने काहींना माफक आराम पडतो, असे अभ्यासांत आढळले आहे. १९८७ साली अमेरिकेतील न्यायालयाने, डॉक्टरांच्या संघटनेने या व्यवसायाला बेकायदा बहिष्काराने दडपल्याचा निर्णय दिला. पण न्यायालयात व्यवसायाचा हक्क सिद्ध होतो, औषधाचा गुण नव्हे.

दिवसभर गादीवर बसून कंबर धरलेल्या माणसाला हा भेद उमगलेला बरा. पायाला बधिरपणा, लघवीवरील ताबा सुटणे, ताप किंवा अकारण घटणारे वजन असेल, तर आधी डॉक्टरच गाठावा. मानेला दिलेल्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघातही ओढवू शकतो. हाताला यश असते, हे खरे. पण त्या हाताला आपली मर्यादाही ठाऊक असावी लागते.