लोखंड बाजूला ठेवा

आमच्या शेवगावच्या काळ्या रानात दगड दिसत नाही. तिकडं संगमनेरच्या अंगाला काळ्या दगडाच्या उभ्या भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात. आमच्याकडं वर माती, खाली मुरूम, मग काय असेल ते असेल. त्या 'काय असेल'पायी अण्णांची एक विहीर वाया गेली होती. आठ परस खोल, तळाला काळा पाषाण. पाणी म्हणाल तर कळशी बुडंना. आईच्या पाटल्या तिच्यातच गेल्या.

दुसऱ्या खेपेला पाणाड्यानं बांधालगत नारळ ठेवला. "खाली भिंत हाय. वरच्या अंगाला पाणी अडलंय."

आता घरात पैसे होते ते बहिणीच्या लग्नाचे.

मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. भूगर्भशास्त्राच्या एका मित्राला सुट्टीत गावी घेऊन आलो. त्यानं काठीवर बसवलेलं चुंबकमापक आणलं होतं. पहिलंच फर्मान सुटलं, "लोखंड बाजूला ठेवा." अण्णांनी विळा ठेवला, किल्ली ठेवली, अन् पायताणाला खिळे म्हणून अनवाणी चालू लागले. मे महिन्यात!

पाच-पाच पावलांवर एकेक आकडा. सगळे ४०,००० च्या वरचे. मी वहीत उतरवत होतो. पृथ्वीचं चुंबकत्व दिवसभरात स्वतःच थोडं हलतं, ते वजा करावं लागतं. म्हणून तासातासानं लिंबाखालच्या खुंटीपाशी परत मोजायचं. आपला खडक साडेसहा कोटी वर्षांमागं निवताना बराचसा उलट्या चुंबकत्वाचा झाला. त्यामुळं भिंतीवर आकडा चढेलच असं नाही, उतरतोही.

बांधापाशी आकडा एकदम उडाला. अण्णांचे डोळे चमकले. मित्रानं मात्र दहा पावलं सरकून दुसरी ओळ धरली. तिथं काहीच नाही. भिंत असती तर ती दोन्ही ओळींत दिसायला हवी. कुदळ मारली, तर हातभर खाली बैलगाडीच्या चाकाची गंजलेली धाव.

"मग पाणी कुठंय?"

"याला पाणी दिसत नाही अण्णा, दगडातलं चुंबकत्व दिसतं. अन् उथळ बारका दगड, खोल मोठा दगड, कधी कधी सारखीच रेघ काढतात."

पुढं १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत शास्त्रज्ञांनी भोक पाडून पाहिलं, तिथं काळा दगड ३३८ मीटरवर संपला. आमच्याकडं तेवढा पैसा कुठला?

अण्णांनी विहीर धरली नाही. बहिणीचं लग्न ज्येष्ठात झालं. रान जिराईतच राहिलं. धाव आजोबांच्या गाडीची निघाली; ती गोठ्याच्या मेढीला टांगली. नारळाची आईनं त्याच रात्री चटणी वाटली, पाणाड्याला न विचारता.